नऊ नंबरची खाट

तानाबाई थूल सही करण्याआधी कागद वाचते. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचते, आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला की आणखी सावकाश वाचते. ती सातवी शिकलेली. तिचे वडील छप्पन साली केळझरहून नागपूरला चालत गेले आणि परत आल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव पोत्यात भरून घराबाहेर काढले. पोरीला त्यांनी दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. न वाचता सही करायची नाही आणि अपशकुनाला भ्यायचं नाही. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं दोन्ही पाळल्या. त्यातली एक तिनं एकदाच मोडली, तीही दुसऱ्याच्या भीतीपायी, आणि ते कसं झालं हेच इथे सांगायचं आहे.

सेलूच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला लागून ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथल्या तीस खाटांच्या वॉर्डात ती सव्वीस वर्षं परिचर आहे. परिचर हा कागदावरचा शब्द. सगळे मावशी म्हणतात, आणि मावशी म्हटलं की लघवीचं भांडं देण्यापासून प्रेत गुंडाळण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडतं. नवरा प्रेमदास जिनिंगमध्ये कामाला होता तेव्हा ती इथे लागली. पहिल्याच दिवशी जुन्या मंदाबाईनं तिचा हात धरून एका म्हाताऱ्याच्या चादरीखाली घातला होता. "बिमार माणूस तोंडानं बरं हाय म्हन्ते," मंदाबाई म्हणाली होती. "तू पाय पाह्यजो. पाय ठंडे लागले का सिस्टरच्या मागं लागजो, ती कितीही ओरडली तरी." तेव्हापासून दर फेरीला तानाबाई प्रत्येक खाटेशी थांबते आणि तळपायाला हात लावते. किती जण त्यामुळे वाचले याची नोंद कुठेच नाही, कारण परिचराच्या हाताची नोंद ठेवायचा रकानाच दवाखान्यात नाही.

आणखी एक पद्धत तिथे होती. वॉर्डात माणसं गावाच्या नावानं ओळखली जायची. आंजीवाले बाबा, घोराडची सून, हिंगणीवाली. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणायचे. खाट कुठेही गेली तरी आंजीवाले बाबा आंजीवालेच राहायचे.

मग गेल्या दिवाळीनंतर मशीन आली. फीत कापली, बुंदीचे लाडू वाटले. प्रत्येक गादीखाली श्वास आणि ठोके मोजणारी पट्टी बसवली, बोटाला लावायला रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा आला, खाटेच्या डोक्याशी एक डबी आली, आणि सिस्टरच्या टेबलामागे भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्यात तीस चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा, आणि लाल झालं की डॉक्टरच्या मोबाईलवरही ते वाजणार. तानाबाईला मशीन आवडली, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणी म्हणेल की बाई जुन्या वळणाची होती म्हणून जळत होती. दुसऱ्याच आठवड्यात सगळे चहाला गेले असताना एकाचे ठोके बिघडले आणि मशीननं हाक मारून त्याला वाचवलं. त्या दिवशी टीव्हीसमोर उभं राहून "वा रे माह्या राजा" म्हणणारी तानाबाईच होती.

चीड आली ती पुढच्या गोष्टींची. मशीन बघते आहे म्हणून चारातल्या दोन परिचरांना घरी बसवलं, त्यामुळे दुपारच्या पाळीत ती एकटी उरली. आणि व्यवस्थापक सदाशिवरावांनी भिंतीवर हुकूम चिकटवला की रुग्णाचा उल्लेख फक्त खाट क्रमांकानं करावा, कारण टीव्हीला गावं समजत नाहीत.

मशीन शिकवायला कंपनीचा अंकित नागपूरहून आला होता. पोरगा तसा मऊ बोलणारा.

"मावशी, सिस्टीमला बेड माहीत असतो," तो म्हणाला. "पेशंट येतो, जातो. बेड तिथेच राहतो."

तानाबाईनं हात वर केला. "अन् खाट बदलली तं?"

"सिस्टरनी टॅबवर बदल टाकायचा. ऑफिसची मंजुरी आली की झालं."

"इथं दिवसातून चार डाव खाटा बदलतेत, भाऊ. कोणाले पंखा पाह्यजे, कोणाले खिडकी पाह्यजे. हे खाटीले काऊन बांधता? माणसाच्या हाताले बांधा ना. बिमार कोण हाय, खाट का माणूस?"

सगळे हसले. सदाशिवराव तर खुर्चीत मागे रेलून हसले. "मावशी, पुढच्या वेळी इंजिनियर म्हणून तुम्हालाच बोलावतो," ते म्हणाले. त्या दिवशी तीही हसली. ते हसणं आठवलं की आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारची गोष्ट. सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरचे म्हातारे गेले. तानाबाईनं खाट फिनाईलनं पुसली, चादर बदलली. दुपारी साडेबाराला नत्थूजी आले, जुना दमा, छातीतून शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहिलं, नऊ नंबर दिला आणि मशीनमध्ये त्यांच्या नावापुढे मर्यादा घातली. दम्यानं मुरलेल्या माणसाला कमी ऑक्सिजनची सवय असते, म्हणून सत्त्याऐंशीपर्यंत मशीननं ओरडायचं नाही. एवढं करून डॉक्टर वर्ध्याला गेले.

शेजारी दहा नंबरवर हिंगणीची भागाबाई होती. गोंड बाई, जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जायची. तिला न्यूमोनिया होता, तिसरा दिवस, उतार पडत होता. तिची मर्यादा त्र्याण्णव. तिच्याजवळ तिची लेक रुपा होती, सेलूच्या कॉलेजात बी.ए.ला. मायलेकी आपसात गोंडीत बोलत आणि बोलता बोलता फार हसत.

नत्थूजींना खाटेवर बसवणार तोच कुणीतरी त्यांच्या मुलाच्या, ताराचंदच्या, कानाला लागलं.

"माह्या बापाले मुर्द्याच्या खाटीवर नाई निजवणार," ताराचंद अडून बसला.

"अरे बाप्पा, या वॉर्डात अशी एक खाट दाखव जिथं कोणी गेलं नाई," तानाबाई कडाडली. "का तुह्या बापाले पंख्याले टांगू?"

ताराचंद ऐकेना. त्याची बायको रडायला लागली. नत्थूजी दाराची चौकट धरून उभे, धाप वाढत चाललेली, ओठ थरथरणारे. तानाबाई एरवी अशा नातेवाइकांना तासभर झोडपून काढते, पण म्हाताऱ्याचा श्वास तासभर थांबणारा नव्हता.

तेवढ्यात रुपा म्हणाली, "मावशी, आमी जातो नऊवर. मी नाई मानत हे असं."

भागाबाई उशीवरूनच गोंडीत काहीतरी बोलली आणि खोकत खोकत हसली. रुपानं सांगितलं, "माय म्हन्ते, गेला थो माणूस भला असन. जागा गरम करून गेला."

तानाबाईला पोरीचा अभिमान वाटला. आपल्याला जे ठणकावून करायला हवं होतं ते ही पोर सहज करून गेली, असं तिला वाटलं. तिनं भागाबाईला उचलून नऊवर घेतलं, नत्थूजींना दहावर टेकवलं, आणि जो ज्या खाटेवर गेला त्याच्या बोटाला त्या खाटेचा चिमटा लावला. मग जाऊन पौर्णिमा सिस्टरला सांगितलं, "हिंगणीवाली नऊवर गेली, बाबा दहावर." पौर्णिमाच्या एका हातात सलाईनची बाटली होती. दुसऱ्या हातानं तिनं टॅबवर बदल टाकला. टॅबनं उत्तर दिलं, मंजुरीसाठी पाठवले. ऑफिसातला माणूस जेवायला गेला होता. आल्यावर त्यानं ते पाहिलंच नाही. संध्याकाळपर्यंत तो बदल तिथेच पडून राहिला.

म्हणजे मशीनच्या लेखी नऊवर अजून नत्थूजी होते आणि दहावर भागाबाई. आता यातून काय होणार हे सहावीतल्या पोरालाही कळेल, पण लाखोंची मशीन बसवणाऱ्या शहाण्यांना कळलं नव्हतं.

दीड वाजल्यापासून दहा नंबर ओरडायला लागला. नत्थूजींचा ऑक्सिजन एकोणनव्वद, त्यांच्या छातीला चालतो तसा, पण दहाची मर्यादा भागाबाईची. पौर्णिमा धावली. नत्थूजी मांडी घालून चहात बिस्किट बुडवत होते. तिला अदलाबदल माहीत होती, म्हणून तिनं ओळखलं की हा नसता आरडाओरडा आहे, आणि आवाज दाबला. पाच मिनिटांनी पुन्हा. मग डॉक्टरांचा फोन.

"दहाचं काय?"

"दहा एकदम ठीक आहे, सर. चहा-बिस्किट चालू आहे."

"मग तो आवाज बंद करा."

डॉक्टरांच्या मोबाईलवर दहापुढे भागाबाईचं नाव होतं. भागाबाई चहा-बिस्किट खाते आहे असं समजून ते निर्धास्त झाले. हिंगणीवाली कशी आहे, असं त्यांनी जुन्या सवयीनं विचारलं असतं, किंवा बाबा चहा पितात असं पौर्णिमा म्हणाली असती, तर तिथल्या तिथे दोघं दचकली असती. पण हुकूम होता ना भिंतीवर.

आणि नऊ नंबर गप्प. भागाबाईचा ऑक्सिजन उतरत होता. एक्क्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. चौकोन हिरवा, कारण दम्याच्या म्हाताऱ्याला तेवढा चालतो.

दोन वाजता तानाबाई फेरीला निघाली. एकटी, तीस खाटा. सात नंबरला उलटी झाली. ते निस्तरताना तिनं मान वर करून टीव्ही पाहिला. नऊ हिरवा. रुपा तिकडून म्हणाली, "मावशी, माय झोपली. हिरवं हाय." तानाबाईनं मान डोलावली आणि बादली घेऊन मोरीकडे गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं एका माणसाच्या पायांऐवजी भिंत पाहिली.

चार वाजता ती नऊपाशी पोचली. बाहेर डांबर तापलेलं, पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता. चादरीखाली हात घातला तर भागाबाईचे तळपाय ठंडगार. नखं निळी. टीव्हीवर अठ्ठ्याऐंशी, आणि हिरवं.

"सिस्टर! हिंगणीवाली चालली वं!"

पौर्णिमा धावली, ऑक्सिजनचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं, डॉक्टरला फोन केला. डॉक्टर यायला चाळीस मिनिटं लागली. पावणेपाचला भागाबाई गेली.

हिंगणीहून रुपाची आत्या टेम्पो घेऊन आली. खाटांची अदलाबदल कशी झाली ते ताराचंदनंच तिला सांगितलं, वर हातही जोडले. आत्या रुपाकडे वळली. "मुर्द्याची खाट मागून घेतली मायसाठी? शिकून हेच केलं का वं?" टेम्पोत चढताना रुपानं तानाबाईकडे पाहिलं. "मावशी, मी खाट घेतली म्हनून गेली का माय?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण का गेली हे त्या घटकेला तानाबाईला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली, आणि टेम्पो गेला.

कळलं ते शुक्रवारी. अंकित नागपूरहून आला, लॅपटॉप उघडून दोन तास बसला आणि नंतर मोरीपाशी येऊन तिच्यासमोर उभा राहिला. "मावशी, नऊवर नत्थूजींचीच मर्यादा राहिली होती," तो म्हणाला. "तुम्ही ट्रेनिंगमध्ये म्हणाला होतात तेच झालं." एवढं बोलून तो गेला. निदान तो या वेळी हसला नाही.

सोमवारी सदाशिवरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. तानाबाई बोट ठेवून वाचायला लागली. खाट क्रमांक ९ व १० वरील रुग्णांची अदलाबदल परिचर श्रीमती थूल यांनी परस्पर केली. यंत्रणेत दोष आढळला नाही. खाट क्रमांक ९ वरील रुग्णाचा मृत्यू मूळ आजारामुळे झाला.

"परस्पर?" ती म्हणाली. "मी सिस्टरले सांगतलं. सिस्टरनं मशीनमंदी टाकलं. तुमच्या हापिसात पडून होतं थे."

"मावशी, भाषा असते ती. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. एक लेखी ताकीद, बस."

"अन् मशीन?"

"मशीनचं काय? ती चांगली चालली आहे."

"म्हन्जे खाटीलेच बांधलेली ठेवणार? अजून कोणी मरेपर्यंत?"

सदाशिवरावांनी घड्याळ पाहिलं. "पुढचं पुढे बघू."

"त्या पोट्टीले काय सांगतलं तुमी? रुपाले?"

"त्यांची काही तक्रारच नाही हो," सदाशिवराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्यांच्या लोकांनी ठरवलंय, खाट बाधली म्हणून. समजू द्या ना तसं. आपण कशाला तोंड उघडायचं?"

तानाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा माणूस एम.ए. झालेला. वॉर्डाच्या दारावर अंधश्रद्धा टाळा असा याच्याच सहीचा बोर्ड. दर पावसाळ्यात साप चावला की मांत्रिकाकडे जाऊ नका म्हणून हा गावोगाव भाषणं देतो. आणि आता त्याच अंधश्रद्धेच्या चादरीखाली तो आपलं प्रेत लपवत होता. एक पोर तिकडे स्वतःला आईची मारेकरी समजून बसली आहे, आणि याला त्यात सोय दिसते! कागद त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. तिनं फेकला नाही. चार घड्या करून पिशवीत टाकला.

"घरी वाचून देतो, साहेब," ती म्हणाली, आणि रस्त्यावर येऊन हिंगणीची जीप धरली.

रुपाच्या अंगणात आत्या आणि चार बाया तूर पाखडत बसल्या होत्या. भागाबाईची घरातली बाजही बाहेर काढून भिंतीला उभी करून ठेवली होती. रुपा एकटी गोठ्याजवळ, केस न विंचरलेले, तीन-चार दिवसांत अर्धी झालेली. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिनं तानाबाईला पाहिलं आणि मान खाली घातली.

तानाबाईनं बसायला मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहून, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "खाटीनं काई नाई केलं. आयका सगळ्या. पोरीनं काई नाई केलं. भागाबाईले आमी मारलं, दवाखान्यानं."

सुपं थांबली. तिनं सगळं सांगितलं. मशीन माणसाऐवजी खाटेला कशी बांधली, दम्याच्या म्हाताऱ्याची मर्यादा भागाबाईच्या खाटेवर कशी राहिली, मंजुरी कशी पडून राहिली, दहा नंबर भागाबाईच्या नावानं दुपारभर कसा ओरडला आणि तिथे म्हातारा चहा पीत होता. मग ती म्हणाली, "अन् दोन वाजता मी पाय नाई पाह्यले. टीव्ही पाह्यला. पाह्यले असते तं कदाचित आज थे अंगणात बसली असती."

रुपा उठून जवळ आली. "मी तं हिरवं पाहून आत्याले फोन केलता," ती म्हणाली. "माय बरी हाय, उद्या सुट्टी होईन म्हनून." मग एकदम तिचा आवाज चढला. "तुमाले हे कधी मालूम पडलं?"

"शुक्रवारी."

"अन् आज सोमवार हाय! तीन दिवस मी सोताले खाऊन राह्यली. इथं कोणी माह्या हातचं पाणी घेत नाई. काऊन नाई आल्या?"

"भेली होती," तानाबाई म्हणाली. "नोकरीले भेली."

रुपानं शिवी दिली असती तर तानाबाईनं खाली मान घालून घेतली असती. पण तिनं हात पुढे केला. "आता काऊन आल्या? काय आणलं?"

तानाबाईनं पिशवीतला कागद दिला. रुपानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, आत्यालाही कळावं म्हणून एकेक ओळ थांबून. यंत्रणेत दोष आढळला नाही, इथपर्यंत आल्यावर आत्या उठली आणि थुंकली. मग भिंतीला उभी केलेली बाज तिनं आडवी टाकली, पदरानं झटकली आणि रुपाला म्हणाली, "बस."

रुपा बसली. तिनं कागद उलटा केला, मागची कोरी बाजू मांडीवर घेतली आणि आतून पेन मागवलं. "सांगा मावशी. एकही गोष्ट सोडू नका. उद्या मी संगं येतो. त्या साहेबाच्या टेबलावर ठेवू, अन् त्यानं नाई घेतलं तं वर्ध्याले कलेक्टर हापिसात देऊ."

"लिव," तानाबाई म्हणाली.

तिनं सांगितलं आणि रुपानं लिहिलं. ट्रेनिंगच्या दिवसापासून सगळं, ते हसणंसुद्धा. अंगणातलं ऊन भिंतीपर्यंत सरकलं तेव्हा ते संपलं. रुपानं कागद तिच्या हातात दिला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तानाबाई थांबली. तिथे लिहिलं होतं, खाट क्रमांक नऊवरील रुग्ण.

"खोड थे," ती म्हणाली. "नाव लिव."

रुपानं ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, माझी आई भागाबाई कवडू उईके, राहणार हिंगणी. मग तानाबाईनं ओठ हलवत सगळा कागद सावकाश वाचला आणि खाली सही केली.